सिमारचं शटर

सकाळी ९.४५
फोर्टातला बोरा बाजार अजून पुरता उघडलेला नाही. खाली हातगाडीवरून ट्रायपॉडचे खोके उतरताहेत. काका डोंबिवलीहून उभ्यानेच आलेत. पिशवीत डबा, छत्री आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला नॅपकिन. जुलै आहे. लाकडी जिन्याचा कठडा ओला लागतो.

दुसऱ्या मजल्यावर अर्धी खोली त्यांची, अर्धी एका रबरी शिक्के बनवणाऱ्याची. मध्ये प्लायवूड. काकांच्या अर्ध्याचं भाडं महिना ९,००० रुपये, वीज वेगळी. बोरा बाजारात त्यांना सगळे काकाच म्हणतात, म्हणून मीही. वय एकसष्ट. विशीत हे काम धरलं.

आल्याआल्या ते लाकडी कपाट उघडून आत हात घालतात. गरम आहे ना, बघतात. आत पंधरा वॅटचे दोन बल्ब रात्रंदिवस जळतात. गिऱ्हाइकांच्या लेन्स पावसाळाभर तिथेच राहतात. “बल्ब गेला आणि मला चार दिवस कळलं नाही, तर बुरशी. मग गिऱ्हाईक म्हणणार, काकांनीच लावली.”

सकाळी १०.१०
टेबल पुसलं. पांढरं कापड अंथरलं. आणखी एक कापड टेबलाच्या कडेला चिमट्यांनी अडकवलं, त्याचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला खोचलं. मांडीवर झोळी झाली. हातातून निसटलेला स्क्रू जमिनीवर जाण्याआधी तिथे थांबतो. बहुतेक वेळा.

आजचं मोठं काम सांगलीहून आलंय. श्नायडर कंपनीची सिमार लेन्स, जर्मनीतल्या बाड क्रॉइत्सनाखची. १५० मिलिमीटर, एफ ५.६. एका स्टुडिओत सागवानी कॅमेऱ्यावर ती असायची. शाळांचे ग्रुप फोटो, लग्नातली कुटुंबं, नटांचे फोटो. स्टुडिओ बंद झाला. आता घरातल्या मुलाला चार बाय पाच इंचांच्या फिल्मवर फोटो काढायची हौस आलीय. लेन्स खोक्यातून निघाली ती अडकलेलीच.

कडेवर दोन आकडे कोरलेत, १५० आणि २६५. पुढचा अर्धा भाग फिरवून काढला की उरलेली लेन्स २६५ मिलिमीटरची होते, एफ १२ ची. त्यासाठी ॲपर्चरचे आकडे दुसऱ्यांदा, हिरव्या रंगात दिलेत. एका पैशात दोन लेन्स. स्टुडिओवाल्याने तेव्हा हाच हिशेब केला असणार.

शटर लेन्सच्या मध्येच बसतं. नाव सिंक्रो-कॉम्पुर. म्युनिकच्या फ्रीडरिख डेकेलच्या कारखान्यातलं. हा कारखाना १९१२ पासून कॉम्पुर बनवत होता. आता तिथून सुटा भाग मिळत नाही. चोरबाजारात शुक्रवारी पहाटे काका भंगारातली शटरं उचलतात. शंभराला, दोनशेला, फार तर पाचशेला. ड्रॉवरमध्ये अशी बरीच पडलीत, चिंध्यांत गुंडाळलेली. सुटे भाग तिथूनच निघतात.

सकाळी १०.३०
काका लेन्स कानाशी धरून हळूच हलवतात. काही खुळखुळत नाही. बरं लक्षण. आत काही सुटं झालेलं नाही.

शटर चढवायची दांडी पूर्ण चढलेली आहे. सोडायचा खटका दाबला तर काही नाही. दुसऱ्यांदा ते दाबत नाहीत. कडेच्या छोट्या खटक्याकडे बघतात. त्याला तीन जागा: एम, एक्स आणि व्ही. खटका व्ही वर आहे.

“इथेच मेख आहे.”

एम जुन्या फ्लॅश-बल्बसाठी. बल्ब पेटून भर प्रकाश द्यायला सुमारे २० मिलिसेकंद घेतो, तेवढं शटर उशिरा उघडतं. एक्स इलेक्ट्रॉनिक फ्लॅशसाठी. आज लागतो तो हाच. आणि व्ही म्हणजे सेल्फ-टायमर. त्याची चाकांची एक वेगळी माळ असते. ती फिरून संपेपर्यंत शटर उघडायचं नाही, अशी रचना. त्या माळेतलं तेल चिकट झालं की ती फिरत नाही, आणि पुढचं सगळं अडतं. गिऱ्हाईक खटका जोरात दाबतो. मग आणखी जोरात. मग पक्कड आणतो.

सांगलीच्या मुलाने पक्कड आणली नव्हती. “थोडं तेल सोडलं होतं” असं मात्र फोनवर म्हणाला. शिवणयंत्राचं.

काकांनी कपाळाला हात लावला नाही. वहीत लिहिलं: ‘तेल’. खाली रेघ मारली.

सकाळी १०.५५
उघडणं सुरू. मागचा भाग हाताने सुटला. पुढचा सुटत नाही. प्रयोगशाळेत मिळतं तसलं मोठं रबरी बूच त्यांनी कडेवर दाबून धरलं, फिरवलं. ढिम्म. केस वाळवायचा ड्रायर दोन मिनिटं. पुन्हा बूच. आता फिरलं.

शटरचं तोंड उघडं पडलं. सगळं धरून ठेवणारी एक गोल कडी आहे आणि ती फिरू नये म्हणून एक स्क्रू. त्या स्क्रूची खाच फाटलीय. आधी कुणीतरी हे उघडलंय, चुकीच्या मापाच्या स्क्रूड्रायव्हरने. काकांचा अर्धा राग तेलावर असतो, अर्धा या अशा हातांवर. ड्रॉवरमधून ते एक स्क्रूड्रायव्हर काढतात, तेलाच्या दगडावर त्याचं टोक घासतात, लावून बघतात, पुन्हा घासतात. एका स्क्रूसाठी वीस मिनिटं गेली. मग तो पाव वेढ्यात सुटला.

निघालेला प्रत्येक भाग औषधांच्या डबीत जातो. सात खणांची डबी, झाकणांवर वार लिहिलेले. सोमवारात पहिले स्क्रू, मंगळवारात कडी, बुधवारात वेगाचे आकडे कोरलेली चकती. बसवताना रविवारकडून सोमवारकडे यायचं. काकांना मधुमेह आहे, त्या गोळ्या साध्या पाकिटातच असतात. दर टप्प्याला मोबाइलवर एक फोटोही काढतात. पूर्वी चित्र काढायचे. जुन्या वह्या चित्रांनी भरल्यात, आणि ती चित्रं फोटोंपेक्षा जास्त कळतात. स्प्रिंग कुठल्या खिळीच्या खालून जाते, ते चित्रात बाण काढून दाखवता येतं.

सकाळी ११.३५
चकती आणि तिच्याखालची खाचांची पट्टी उचलली की यंत्र दिसतं. मध्ये लेन्सचं भोक. भोवती अरुंद वाटेत सगळं कोंबलेलं. शटर मारणारी मोठी स्प्रिंग, एका बाजूला हळू वेगांची चाकं, दुसऱ्या बाजूला सेल्फ-टायमरची. सर्वांत लहान चाक मसुरीच्या डाळीएवढं.

वेग ठरतो तो असा. मोठी स्प्रिंग बहुतेक वेगांना तेवढ्याच जोराने सुटते. १/५० किंवा १/१०० असेल तर तिला फारसं कुणी अडवत नाही. अर्धा सेकंद किंवा एक सेकंद हवा असेल, तर खाचांची पट्टी चाकांची माळ तिच्या वाटेत आणून ठेवते. माळ फिरेपर्यंत पाती उघडी राहतात. म्हणून एक सेकंदाला असं शटर गुरगुरतं. त्या गुरगुरीवरून काका चाकांची तब्येत सांगतात.

लाकडी टूथपिकने त्यांनी सेल्फ-टायमरचं शेवटचं चाक किंचित ढकललं. घर्र. थांबलं. पुन्हा ढकललं. घर्र. थांबलं. असं होत होत माळ संपली आणि शटर सुटलं.

पाती उघडली. मिटली नाहीत. अर्ध्यातच राहिली.

“पाच पाती आहेत. कागदाहून पातळ. कोरडी असली तरच पळतात. तेल लागलं की एकमेकांना धरून बसतात.”

म्हणजे दुखणी दोन. सेल्फ-टायमर आपोआप अडकलं होतं, वयाने. पाती अडकली ती उपचाराने.

दुपारी १२.१०
कटिंग चहा आला. बारा रुपये. काका बिनसाखरेचा घेतात, तोही बाराच.

चहाबरोबर कल्याणचा एक लग्नाचा फोटोग्राफर आलाय. त्याची झूम लेन्स एका ठरावीक जागेनंतर एरर दाखवते. आतली फ्लेक्स, म्हणजे तारांची पातळ पट्टी, घडी पडून पडून तुटलीय. हे काम हाताखालची मुलगी करते. विक्रोळीची, बावीस वर्षांची. इलेक्ट्रॉनिक्सचा आयटीआय केलाय. पगार १६,००० रुपये. सोल्डरिंग तिचं काकांपेक्षा चांगलं, हे काका स्वतः सांगतात.

पट्टी ४५० ची. मजुरी ९००. पाऊण तासात लेन्स गिऱ्हाइकाच्या हातात. त्याने जीपे केलं, जिन्यात पोचायच्या आत कुणाला तरी फोन लावला, “झालं झालं, येतोय.”

सिमारचे ३,००० ठरलेत. काकांचा अख्खा दिवस.

दुपारी १२.५०
पंखा बंद. खिडकी उघडी. देवापुढची उदबत्ती आधीच विझवलेली. आता व्हाइट पेट्रोल निघणार.

चाकांच्या दोन्ही माळा अख्ख्याच बाहेर काढल्या. प्रत्येकीला दोन-दोन स्क्रू. स्टीलच्या वाटीत पेट्रोल ओतून त्यात सोडल्या. रंगाच्या बारीक ब्रशाने दात न् दात. पेट्रोल चहाच्या रंगाचं झालं. ओतून टाकलं, नवं घेतलं. आता फिकट. पुन्हा नवं. आता पाणी दिसावं तसं स्वच्छ. चिमट्यात धरून काकांनी एक चाक बोटाने फिरवलं. माळ शेवटपर्यंत गेली.

पात्यांचं जिकिरीचं. ती सुटी करून धुणं सर्वांत चांगलं. पण पाचही पाती सुटी झाली की ती पुन्हा एकावर एक लावताना एक बसेपर्यंत दुसरं उडतं. शिंक आली तर संपलंच. आणि ती वाकली तर नवी कुठून आणायची? काका आधी दुसरा मार्ग धरतात. शटर मोकळं ठेवून पात्यांवर पेट्रोल सोडायचं, दांडी चढवायची, मारायचं. कापसाच्या काडीने पुढून टिपायचं, मागून टिपायचं. पुन्हा सोडायचं, पुन्हा मारायचं. रबरी ब्लोअरने वाळवायचं आणि बघायचं.

वाळल्यावर पातं तिरपं धरून बघतात. इंद्रधनुष्यासारखी झाक दिसली तर तेल आहे. आहे. पुन्हा पेट्रोल. ही तासाभराची कथा आहे, तिच्यात दुसरं काही घडत नाही. वासाने माझं डोकं चढलं. प्लायवूडपलीकडून शिक्केवाल्याने विचारलं, “काका, आज ड्रायक्लीनिंग का?”

दुपारी २.१५
साबणाने दोनदा हात धुऊन डबा. ज्वारीची भाकरी, माठाची भाजी, ताक. बोटांना पेट्रोलचा वास राहतोच, म्हणून काका चमच्याने खातात. मुलगी खाली जाऊन वडापाव आणते.

दुपारी २.४५
पात्यांवर झाक नाही. काळा, कोरडा रंग. काकांनी दांडी चढवली, खटका दाबला. टिक्. पुन्हा. टिक्. त्यांनी काहीच म्हटलं नाही, पण मुलीने मान वर केली.

आता काच. पुढच्या भागात कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक बुरशी दिसते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया सारख्या मापात, कापसाच्या काडीवर. बुरशी निघाली. कडेला एक पांढुरकी खूण राहिली. बुरशीने काचेवरचं कोटिंग खाल्लंय तिथे. ते परत येत नाही. फोटोत दिसणारही नाही. गिऱ्हाइकाला दाखवायचं म्हणून काका तेवढ्या खुणेचा फोटो काढून ठेवतात.

दुपारी ३.१०
जिन्यावर धाप लागलेले एक गृहस्थ. हातात चामड्याच्या केसमध्ये याशिका मॅट १२४ जी. एके काळी लग्नाच्या मांडवात हाच कॅमेरा दिसायचा. १२० ची फिल्म, बारा चौकोनी फोटो.

“आमच्या वडिलांचा. हँडल फिरत नाही. विकायचाय, म्हटलं चालू करून घ्यावा.”

काका केस उघडतात, मागचं झाकण उघडून आत बघतात, बंद करतात. “विकायचा असेल तर असाच विका. मी उघडला तर दोन-अडीच हजार घेईन. तेवढे जास्त मिळतीलच असं नाही. घरात ठेवणार असाल तर करतो.”

गृहस्थ विचार करतात. कॅमेरा पुन्हा केसमध्ये. “विचारून सांगतो.”

गेल्यावर मी म्हटलं, काम घालवलंत. काका म्हणाले, “विकायला काढलेल्या कॅमेऱ्याचं बिल लोकांना नेहमी जास्त वाटतं.” मला ते पटलं. दुकानदारी म्हणूनही.

दुपारी ३.३०
तेल. ज्याच्यामुळे हे सगळं झालं तेच, पण घड्याळाचं. स्विस मोबियस. करंगळीच्या पेराएवढ्या बाटलीला दीड-दोन हजार पडतात, आणि ती बाटली वर्षभर पुरते. त्यावरून अंदाज यावा की किती लावतात. लाकडी मुठीत बसवलेली तार, टोक चपटं केलेलं. टोकाला जेवढं लागेल तेवढंच. ते चाकांच्या आसांना. दातांना नाही. पात्यांना तर नाहीच. डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून काका आसामागून आस घेतात. श्वास रोखतात, लावतात, श्वास सोडतात.

दुपारी ३.५०
जुळणी. रविवारकडून उलटं.

हळू वेगांची माळ बसली. सेल्फ-टायमरची बसली. मोठी स्प्रिंग तिच्या खिळीमागे. मग खाचांची पट्टी. इथे गंमत आहे. आतल्या दोन-तीन दांड्यांच्या टोकांना खिळ्या असतात. पट्टी ठेवताना त्या सगळ्या आपापल्या खाचेत एकाच वेळी यायला हव्यात. एक जरी बाहेर राहिली, तरी पट्टी बसल्यासारखी दिसते, कडी लागते, आणि एक सेकंद आणि १/१०० यांत फरकच राहत नाही.

तसंच झालं. कडी सोडली, पट्टी उचलली, टूथपिकने एक दांडी आत ढकलून धरली, पट्टी ठेवली. आता चकती फिरवताना बोटाला प्रत्येक आकड्यावर अडथळा लागतोय.

कडीचा स्क्रू लावताना तो चिमट्यातून उडाला. झोळीत नाही. टेबलावर नाही. मुलगी लोहचुंबक घेऊन उठली. “पितळेचा आहे,” काका म्हणाले. चुंबक ठेवून तिने टॉर्च घेतला, जमिनीवर आडवा धरला. आडव्या उजेडात बारीक वस्तूचीही सावली लांब पडते. शिक्केवाल्याच्या बाजूला, प्लायवूडच्या फटीत सापडला. सतरा मिनिटं.

संध्याकाळी ४.५५
मोजमाप. एका बाजूला एलईडी टॉर्च, दुसऱ्या बाजूला प्रकाश टिपणारा छोटा डायोड, त्याची वायर लॅपटॉपच्या माइकच्या भोकात. ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं फुकट सॉफ्टवेअर. शटर उघडलं की पडद्यावर एक उंचवटा, मिटलं की दुसरा. दोहोंमधलं अंतर म्हणजे वेळ. हे सगळं मुलीने जुळवलंय, खर्च दोनशेच्या आत. त्याआधी काका कानाने करायचे. अजूनही आधी कानाने करतात, आकडा बोलतात, मग पडद्याकडे बघतात.

एक सेकंद. काका म्हणाले, “सव्वा.” पडदा म्हणाला १.२८.

पुन्हा उघडणं. हळू वेगांची माळ जिथे बसते तिथल्या स्क्रूला थोडी जागा असते. माळ केसभर बाहेर सरकवली. आता १.०६. अर्ध्याचा ०.५२. १/२५, १/५०, १/१०० पास. १/२५० ला १/२१० मिळालं, तेही पास. १/५०० ला १/३४०.

“पाचशे कधी पाचशे नसतं. या वयाला तर नाहीच.” स्प्रिंग ताणून वेग वाढवता येतो. ते करत नाहीत. आज ताणली तर दोन वर्षांनी तुटेल. त्यापेक्षा कागदावर खरा आकडा लिहून द्यावा. फिल्मला तेवढा फरक चालतो.

एक्स वर फ्लॅश लावून बघितला. लेन्समधल्या शटरचा हा मोठा गुण. पाती पूर्ण उघडतात, त्यामुळे फ्लॅश कुठल्याही वेगाला चालतो.

शेवटी व्ही. काकांनी एकदाच चालवून बघितलं. घर्रर्र करत माळ संपली, टिक्. खटका पुन्हा एक्स वर.

संध्याकाळी ६.०५
सांगलीच्या मुलाचा मामेभाऊ लेन्स न्यायला आला. भायखळ्याला नोकरी करतो. त्याला यातलं काही ठाऊक नाही. “काका, झालं का?” एवढंच. काकांनी त्याच्या हातात लेन्स दिली, एक सेकंद लावला, “दाब,” म्हणाले. शटर गुरगुरलं. तो हसला. पुन्हा दाबून बघितलं. “तीन हजार याचे?” त्याने विचारलं. काका म्हणाले, “हो.” त्याने दिले.

संध्याकाळी ६.४०
वही. आज जमा: ३,००० सिमारचे, १,३५० फ्लेक्सचे, ४०० एका कॅमेऱ्याचा सेन्सर पुसल्याचे. खर्च: पट्टी ४५०, चहा ७२, पेट्रोल आणि कापूस धरून शंभर. भाडं, वीज, मुलीचा पगार महिन्याच्या पानावर. उद्या दोन झूम लेन्स आहेत. जुनं काही नाही.

सिमारच्या पावतीच्या मागे काकांनी बॉलपेनने लिहून दिलेलं, मी उतरवून घेतलं ते असं: शटर चढवून ठेवू नये. व्ही ला हात लावू नये. वेगाचे खरे आकडे सोबत जोडले आहेत. महिन्यातून एकदा सगळ्या वेगांना रिकामं मारावं. अडकल्यास जोर करू नये, तेल घालू नये, आहे तसं आणावं. दिवाळीनंतर एकदा दाखवून न्यावं, तपासणीचे पैसे नाहीत.